अनारशाच्या जाळीतली रोजनिशी

गेल्या रविवारी सोलापूरहून मावशीचा फोन आला. ख्यालीखुशाली आणि इथल्या थंडीची चौकशी आटोपल्यावर तिने तिचा ठरलेला प्रश्न विचारला, "तू तिथे त्या आतड्यांचं नक्की करतेस तरी काय?" केंब्रिज परिसरात येऊन मला चार वर्षे झाली, पण या प्रश्नाला मी दिलेले एकही उत्तर तिला अजून पटलेले नाही. या वेळी मात्र प्रश्नामागे काळजी होती. काकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकाळ चालणारा दाह आहे. पहिली दोन वर्षे सगळे जण त्याला "आव पडते" असेच म्हणत राहिले, जंतांच्या आणि अमिबाच्या गोळ्या झाल्या, एका वैद्यांनी संग्रहणी म्हणून काढेही दिले, आणि अखेर पुण्याला कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची आतून दुर्बिणीने तपासणी) झाली तेव्हा खरे नाव कळले. "मग त्यांची जनुकं तपासली तर पुढे कॅन्सर होणार की नाही ते सांगता येईल ना? पत्रिका मांडल्यासारखं?" मावशीने विचारले. फोनवर मी जेमतेम दोन वाक्ये बोलले. उरलेले उत्तर इथे लिहिते आहे.

माझे रोजचे काम मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराशी आहे. हे अस्तर वरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की अगदी अनारशाच्या जाळीसारखे दिसते, म्हणजे एकाला एक लागून असलेली हजारो गोल भोके. प्रत्येक भोक हे खाली उतरणाऱ्या एका चिमुकल्या विहिरीचे तोंड असते. या विहिरीला क्रिप्ट म्हणतात. एका माणसाच्या मोठ्या आतड्यात अशा एक कोटीहून अधिक क्रिप्ट असतात आणि एकेका क्रिप्टमध्ये साधारण दोन हजार पेशी असतात. तळाशी काही मूलपेशी बसलेल्या असतात. त्यांच्यापासून जन्मलेल्या पेशी भिंतीवरून वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत तोंडाशी पोहोचून गळून पडतात. तळाच्या मूलपेशींमध्येही सतत चढाओढ चालते, आणि काही वर्षांनी एकीचाच वंश टिकून बाकीच्यांचा नाहीसा होतो. त्यामुळे एका क्रिप्टमधील सर्व पेशी नजीकच्या भूतकाळातील एकाच पूर्वजाच्या वंशज असतात. त्या पूर्वज पेशीच्या डीएनएमध्ये तोवर जे बदल झाले असतील, ते त्या संपूर्ण विहिरीत जसेच्या तसे उतरलेले असतात.

एरवी एकेका पेशीतला डीएनए वाचणे फार कठीण असते, कारण तो अत्यल्प असतो आणि त्याच्या प्रती काढताना चुका होतात. इथे शरीरानेच एका पेशीच्या शेकडो प्रती काढून ठेवलेल्या असतात. आम्हाला फक्त ती एक विहीर तिच्या शेजारणींना धक्का न लावता उचलायची असते. त्यासाठी ऊतीचा पातळ काप एका पारदर्शक पडद्यावर घेऊन रंगवतात, सूक्ष्मदर्शकातून क्रिप्ट हेरतात, तिच्याभोवती पडद्यावर रेघ आखतात आणि लेसर त्या रेघेवरून फिरतो. रेघ पूर्ण होताच तो कण सुटून खाली ठेवलेल्या प्लेटच्या खाचेत पडतो. पहिल्या हिवाळ्यात एकदा मी संध्याकाळभर बसून जवळजवळ अख्खी प्लेट भरली, आणि शेवटी लक्षात आले की प्लेट उलट्या दिशेने बसवली होती. कोणत्या खाचेत कोणती क्रिप्ट पडली याची नोंद वाचून पुन्हा जुळवता आली असती, पण मला स्वतःचीच खात्री उरली नव्हती, म्हणून सगळे टाकून दिले. त्या रात्री शेवटची बसही चुकली होती.

या पद्धतीने काय हाती लागते, हे पहिल्यांदा स्वच्छपणे दिसले ते 2019 साली. इथून जवळच असलेल्या हिंक्स्टन गावातील वेलकम सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 42 जणांच्या आतड्यातील शेकडो निरोगी क्रिप्टचे संपूर्ण जनुकसंच वाचले. (मानवी जनुकसंचाच्या पहिल्या वाचनाचा सुमारे एक तृतीयांश भाग याच संस्थेत झाला होता, गाव मात्र एवढेसे आहे की बसमध्ये डुलकी लागली तर ते येऊन गेलेले कळतही नाही.) निरोगी आतड्याच्या पेशीत दरवर्षी चाळीसहून थोडी अधिक उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएमधले बदल, साठत जातात, असे त्यांना आढळले. पन्नाशी-साठीतल्या माणसाच्या शंभरातल्या साधारण एका क्रिप्टमध्ये कॅन्सरला हातभार लावणारे एखादे उत्परिवर्तन आधीच बसलेले असते. तरीही त्या क्रिप्ट दिसायला साध्या असतात, नेमून दिलेले काम करत राहतात, आणि त्यांपैकी बहुतेकींचा कधीच कॅन्सर होत नाही. मावशीला सांगायची पहिली गोष्ट हीच आहे. "जनुकात बदल सापडला" आणि "आजार झाला" या दोहोंत फार मोठे अंतर असते, आणि वर्तमानपत्रांतले मथळे ते अंतर गाळून टाकतात.

मला स्वतःला अधिक गुंतवून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. डीएनएवर घाव घालणारी प्रत्येक गोष्ट आपल्या हाताची विशिष्ट खूण मागे ठेवते. उन्हाची खूण वेगळी, तंबाखूच्या धुराची वेगळी. 2019च्या त्या अभ्यासात काही जणांच्या क्रिप्टमध्ये अशी एक खूण सापडली की जिचा कर्ता माहीत नव्हता, आणि ती बहुधा बालपणी उमटलेली होती. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील उट्रेक्टच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशी ई. कोलाय जिवाणूच्या एका प्रकारासोबत पाच महिने ठेवल्या, आणि हुबेहूब तशीच खूण उमटली. हा प्रकार कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतो, आणि ते विष डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना जखडून टाकते. एप्रिल 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 11 देशांतील 981 रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे जनुकसंच तपासले गेले. चाळिशीच्या आत आजार झालेल्यांमध्ये ही खूण सत्तरीनंतरच्या रुग्णांच्या तुलनेत 3.3 पट अधिक वेळा आढळली. तरुणांमधला आतड्याचा कॅन्सर अनेक देशांत वाढतो आहे, त्यामुळे या आकड्याची बरीच चर्चा झाली. हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या पोटातही नांदत असतो, हे मात्र चर्चेत कमी वेळा आले.

सगळ्याच गोष्टी अशी खूण सोडत नाहीत, हेही सांगायला हवे. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे 552 जनुकसंच आठ देशांतून गोळा करून 2021 मध्ये तपासले गेले. त्यात इराण, केनिया, मलावी यांसारखे हा आजार भरपूर असलेले प्रदेशही होते आणि ब्रिटनसारखे कमी असलेलेही. प्रमाणात एवढा फरक असूनही उत्परिवर्तनांचे स्वरूप सगळीकडे जवळजवळ सारखेच निघाले. कढत चहा हा अन्ननलिकेच्या कॅन्सरचा संभाव्य धोका मानला जातो, पण त्याने डीएनएवर स्वतःची सही केलेली दिसत नाही. बहुधा तो दुसऱ्याच कुठल्या वाटेने घात करत असावा.

आता काकांच्या आजाराकडे येते. 2020 मध्ये सँगरच्याच एका गटाने अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्याच दुसऱ्या आजाराच्या मिळून 46 रुग्णांच्या क्रिप्ट तपासल्या. दाह झालेल्या भागात उत्परिवर्तने साठण्याचा वेग निरोगी आतड्याच्या सुमारे 2.4 पट होता. त्याहून विलक्षण चित्र जागेचे होते. निरोगी आतड्यात एकेका वंशाचा विस्तार लहानसा राहतो. दाह झालेल्या आतड्यात मात्र जखमा भरून काढताना एखादा वंश आजूबाजूची जमीन बळकावत पसरलेला दिसतो. जपानमधील संशोधकांनी त्याच वर्षी दाखवले की पसरणाऱ्या पेशींमध्ये सूज आणणाऱ्या संदेशांकडे दुर्लक्ष करायला लावणारी उत्परिवर्तने वारंवार दिसतात, आणि त्यांतली काही कॅन्सरमध्ये फारच क्वचित आढळतात. म्हणजे दाहात तग धरण्यासाठी निवडली गेलेली प्रत्येक पेशी कॅन्सरच्याच वाटेवर असते असे नाही. काकांच्या आतड्यात काय चालले आहे हे मला ठाऊक नाही. पण गेली नऊ वर्षे तिथे काय घडत आले आहे, हे त्यांच्या क्रिप्ट पत्रिकेपेक्षा नक्कीच प्रामाणिकपणे सांगतील. त्या मागचे सांगतात, पुढचे नाही.

वर उल्लेखलेल्या 11 देशांत भारत नाही, आणि अन्ननलिकेच्या अभ्यासातील आठ देशांतही नाही. हे मला नेहमी खटकते. आपल्याकडे मोजदादीची परंपरा जुनी आहे. मुंबईची कॅन्सर नोंदणी 1963 पासून चालू आहे, आणि बार्शीला 1987 पासून ग्रामीण नोंदणी होते. ब्रिटनच्या तुलनेत आपल्या खेड्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर पुष्कळ कमी आहे. तो कमी का आहे, ज्वारीच्या भाकरीमुळे, जिवाणूंमुळे, की निदानच होत नसल्यामुळे, याचे उत्तर शोधताना आपल्या माणसांच्या क्रिप्टमध्ये कोणत्या खुणा आहेत आणि कोणत्या नाहीत हे पाहणे अत्यंत मोलाचे ठरेल.

त्या रविवारी माझी ती दोन वाक्ये ऐकून काका स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, "माझा तुकडा पुण्याच्या लॅबमध्ये मेणात ठेवलेला आहे. तो पाठवू का?" त्यांचा उत्साह पाहून मला नाही म्हणणे जिवावर आले. निदानासाठी घेतलेले तुकडे फॉर्मालिनमध्ये बुडवून मेणात घट्ट करतात. रोग ओळखायला ते उत्तम, पण फॉर्मालिनने डीएनए तुटतो आणि त्यात खोटे बदल दिसू लागतात, म्हणून आमच्या कामाला ऊती गोठवलेल्या किंवा अल्कोहोलसारख्या द्रावणात ठेवलेल्या लागतात. शिवाय संमतीपत्र आणि नैतिकता समितीची मंजुरी असल्याशिवाय नखाएवढा तुकडाही इथे कोणी हातात घेत नाही.

मग मी त्यांना वेगळेच विचारले. इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या प्रत्येकाच्या घरी दर दोन वर्षांनी टपालाने एक छोटी नळी येते; शौचाचा नमुना काडीने तिच्यात घालून लोक ती पुन्हा टपालपेटीत टाकतात. (माझ्या शेजारच्या आजी ती आणि नाताळची कार्डे एकाच फेरीत टाकून येतात.) लक्षणे नसलेल्यांसाठी आतड्याच्या कॅन्सरची ही चाळणी तपासणी पुरेशी आहे. कोलायटिसच्या रुग्णांसाठी ती पुरत नाही. त्यांना लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी पाळतीची कोलोनोस्कोपी सुरू करायला सांगतात. काकांचे नववे वर्ष चालू आहे.

"झाली का ती?" मी विचारले. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मागून मावशीचा आवाज आला, "दोनदा तारीख घेऊन मोडली यांनी. ते जुलाबाचं औषध नको म्हणतात."

काल तिचा निरोप आला. दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे, आणि आदल्या दिवशी काका काय खाऊ शकतात याची यादी मी पाठवावी, असे तिचे म्हणणे आहे.