एवढ्याशा रीफ टाकीला फिल्टर हवा का?

माझी समुद्री टाकी पाहायला येणारे लोक साधारणपणे दोन प्रश्न विचारतात. पहिला माशांच्या किमतीचा असतो आणि तो मी शक्यतो टाळतो. दुसरा प्रश्न असतो फिल्टर कुठे लपवला आहे हा. तो लपवलेला नाही, मुळात बसवलेलाच नाही, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आम्ही लहान रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ असलेली खाऱ्या पाण्याची टाकी लावली, तर आम्हालाही फिल्टरशिवाय चालेल का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी टाकीविषयी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी ही टाकी आहे. दगड आणि वाळू वजा जाता तीत पंचेचाळीस लिटरच्या आसपास पाणी मावते. क्लाउनफिशची एक जोडी, काही शंखवर्गीय गोगलगायी आणि झोअँथिड, मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ, एवढाच तिचा संसार. अशा टाकीला विकतचा डबाबंद फिल्टर लागत नाही, हे माझे उत्तर आहे. मात्र त्या उत्तराला अटी आहेत आणि त्या न ऐकता फक्त पहिले वाक्य घेऊन गेलेल्या माणसाची टाकी काही महिन्यांत शेवाळाने भरते.

आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात गोड्या पाण्यातल्या गोल्डफिश किंवा गप्पी माशांपासून झालेली असते आणि तिथे फिल्टर हेच टाकीचे हृदय, हा धडा मिळालेला असतो. तो तिथे बरोबरच असतो. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव पृष्ठभागाला चिकटून राहतात. गुळगुळीत काच आणि थोडी रेती एवढ्याच भांडवलावर त्यांची पुरेशी वस्ती होत नाही, म्हणून स्पंजच्या रूपाने त्यांना जागा पुरवावी लागते. रीफ टाकीत हीच जागा सच्छिद्र दगड देतो आणि ती कोणत्याही स्पंजहून अधिक असते. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ हा सूक्ष्मजीव शास्त्रज्ञांनी प्रथम वेगळा केला, तो सिॲटल येथील मत्स्यालयाच्या एका समुद्री टाकीतल्या खडीतून. अमोनियाचा बंदोबस्त करणारे हे जीव टाकीच्या तळाशी स्वतःहून वस्ती करतात, त्यासाठी त्यांना वेगळ्या डब्याची गरज नसते, हे त्यावरून लक्षात यावे.

फिल्टरशिवायची टाकी ही आजची टूमही नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत (म्हणजे सूक्ष्मजीवांची वस्ती असलेले) दगड, समुद्राचेच पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ आणि मासे सांभाळून दाखवले होते. त्यानंतर १९८० च्या दशकात अमेरिकेत प्लॅस्टिकच्या काटेरी गोळ्यांवरून पाणी ठिबकवणाऱ्या मोठ्या फिल्टरांची लाट आली. हे फिल्टर अमोनियाचा फडशा फार तत्परतेने पाडत. पण भरपूर प्राणवायूमुळे त्यांचे काम नायट्रेटपाशीच थांबे आणि ते नायट्रेट टाकीत साठत राही. दगडाच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या पोकळ्यांत मात्र वेगळे जीवाणू असतात. ते नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो वायू हवेत निघून जातो. बर्लिनच्या हौशी मंडळींनी दगड, प्रखर प्रकाश आणि प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र) यांवर भिस्त ठेवून जी पद्धत रूढ केली, तिच्या यशाचे एक मोठे कारण हेच होते. मोठ्या फिल्टरांमधल्या त्या गोळ्या मग पुष्कळांनी काढून टाकल्या.

आता अटी. दगडाच्या आतले जीव पाण्यापर्यंत चालत जात नाहीत, पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचवावे लागते. त्यामुळे फिल्टर नसला तरी प्रवाह निर्माण करणारा पंप, ज्याला आपण वेव्हमेकर म्हणतो, तो हवाच. ताशी टाकीच्या वीसपट पाणी हलवणारा पंप मऊ प्रवाळांना पुरतो. त्याचे तोंड थोडे वर वळवून पृष्ठभाग सतत घुसळता ठेवावा, कारण खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो: २६ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. उन्हाळ्यात पाणी तापले की हा आकडा आणखी खाली जातो.

दुसरी अट नायट्रेट आणि फॉस्फेटची आहे आणि माझ्या मते फिल्टरचा निर्णय खरे तर इथे होतो. नायट्रोजनला वायूच्या रूपाने टाकीबाहेर जायची वाट आहे. फॉस्फेटला ती नाही. अन्नातून जेवढे फॉस्फेट आत आले, तेवढे वाढणाऱ्या जिवांत, दगडांत, वाळूत किंवा पाण्यात कुठे तरी राहणारच. त्याला बाहेर काढण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे बादली. आठवड्याला दहा टक्के, म्हणजे माझ्या टाकीत साडेचार लिटर पाणी काढून तेवढेच ताजे खारे पाणी घालणे हे काही अवघड काम नाही. चारशे लिटरच्या टाकीला हेच काम कंबरडे मोडणारे ठरते, म्हणून तिथे यंत्रे लागतात. लहान टाकीच्या अडचणी पुष्कळ आहेत, पण हा एक फायदा निर्विवाद आहे.

मात्र दहा टक्क्यांनी काय साधते, हे नीट मांडून पाहावे. समजा, पाणी न बदलता तुमच्या टाकीतले नायट्रेट आठवड्याला १ पीपीएमने (दहा लाख भागांत एक भाग) वाढते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहिलात, तर ते वाढत वाढत पाणी बदलण्याआधीच्या मोजणीत १० पीपीएमवर येऊन स्थिरावते, कारण त्या पातळीला दहा टक्के पाण्याबरोबर बाहेर पडणारे नायट्रेट नव्याने तयार होणाऱ्या नायट्रेटएवढेच असते. मऊ प्रवाळ असलेल्या टाकीला १० चालते. वाढ आठवड्याला ३ असेल, तर तीच पातळी ३० वर जाते. पाणी वीस टक्के बदलले, तर १५ वर. हे गणित हाताशी असले की फिल्टर विकणाऱ्याचे आणि फिल्टर नको म्हणणाऱ्या माझ्यासारख्याचेही म्हणणे पारखून घेता येते. नव्या टाकीतले अमोनियाचे चक्र बसल्यानंतर, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे जीव पुरेसे वाढल्यानंतर, दीड-दोन महिने आठवड्यातून एकदा नायट्रेट आणि फॉस्फेट मोजावे, पाणी बदलण्याआधीचा आकडा लिहून ठेवावा, आणि तो स्थिरावतो की चढतच राहतो, ते पाहावे. स्थिरावत असेल, तर यंत्रावर पैसे घालण्याचे कारण नाही. चढत असेल, तर पहिला संशय अन्नावर घ्यावा आणि दुसरा माशांच्या संख्येवर.

एवढे करूनही ज्यांना कॅनिस्टर, म्हणजे डबाबंद फिल्टर बसवायचाच आहे, त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. घरात कचऱ्याचा डबा ठेवला म्हणजे कचरा घराबाहेर गेला असे होत नाही. कॅनिस्टरमध्ये अडकलेली घाण पाण्याच्या प्रवाहातच असते आणि तिथेच कुजून नायट्रेट व फॉस्फेट सोडत राहते. तो उघडून धुणे कटकटीचे असल्यामुळे बहुतेक लोक ते महिन्यामहिन्याने करतात. त्यात आपल्याकडच्या विजेची भर पडते. वीज चार-पाच तास गेली, तर त्या बंद डब्यातले जीवाणू आतला प्राणवायू संपवून टाकतात, मरू लागतात आणि वीज आल्याबरोबर ते दूषित पाणी थेट टाकीत फेकले जाते. उघड्या टाकीतल्या दगडाला एवढा धोका नसतो; बॅटरीवर चालणारा एक लहानसा हवेचा पंप त्याला आणि माशांनाही तेवढ्या वेळात तारून नेतो. जिथे भारनियमन किंवा पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाणे नित्याचे आहे, तिथे लहान रीफ टाकीसाठी कॅनिस्टर मी सुचवणारच नाही.

टाकीच्या काठावर टांगायच्या छोट्या फिल्टरबद्दल मात्र माझे मत सौम्य आहे. त्यात फिल्टर वूलचा, म्हणजे घाण अडवणाऱ्या कापसासारख्या धाग्यांचा तुकडा ठेवून तो दर दोन-तीन दिवसांनी फेकून दिला, तर न कुजलेली घाणच टाकीबाहेर जाते आणि पाणी काचेसारखे दिसते. लेदर आणि झोअँथिड शेजारी शेजारी असतील, तर अधूनमधून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पुरचुंडी ठेवण्यासाठीही तो उपयोगी पडतो, कारण मऊ प्रवाळ एकमेकांविरुद्ध पाण्यात रसायने सोडतात. प्रोटीन स्किमर एवढ्या पाण्याला सहसा जड होतो. लहान स्किमर नीट जुळवणे त्रासाचे असते आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेल्यास मऊ प्रवाळ सुकतात, वर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर येण्याची भीती असते.

दगडांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुनी परदेशी पुस्तके समुद्रातून आणलेल्या जिवंत दगडांविषयी बोलतात. आपल्याकडे सर्व पाषाणी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे आणि कायदा नसता, तरी तो आणू नये असेच मी म्हणालो असतो. कोरडा, कृत्रिम सच्छिद्र दगड घ्यावा आणि बाटलीतले जीवाणू घालून सुरुवात करावी. अमोनिया शून्यावर यायला काही आठवडे लागतात आणि नायट्रेट खाणारी आतली वस्ती जमायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. हा विलंब दुकानदार फिल्टर विकून भरून काढू पाहतो. तो मासे उशिरा आणून भरून काढावा, हे अधिक स्वस्त आणि अधिक सुरक्षित.

माझ्या उत्तराने कुणाचे नुकसान होऊ नये, म्हणून हेही सांगतो. दोनऐवजी पाच-सहा मासे हवे असतील, दिवसातून तीनदा गोठवलेले अन्न घालायची हौस असेल किंवा दर आठवड्याला बादली उचलणे जमणार नाही हे स्वतःला ठाऊक असेल, तर टांगायचा फिल्टर किंवा मागच्या बाजूला कप्पे असलेली टाकी घेणे शहाणपणाचे ठरेल.

आणि गणपतीला आठवडाभर कोकणात गेल्यावर टाकीचे काय, हेही लोक विचारतात. तेव्हा फिल्टर असला काय आणि नसला काय, खरी चिंता बाष्पीभवनाची असते. पाणी थंड ठेवायला वर पंखा चालू असलेल्या टाकीतून दिवसाला एखादा लिटर पाणी उडते, मीठ मात्र मागेच राहते. पंचेचाळीस लिटरमधला एक लिटर उडाला, की क्षारता, म्हणजे हजार भाग पाण्यातले मीठ, ३५ वरून जवळजवळ ३६ होते आणि आठवड्यात ती प्रवाळांना सोसण्यापलीकडे जाते. पातळी घटली की आपोआप आरओचे गोडे पाणी सोडणारे उपकरण मी फिल्टरच्या कितीतरी आधी घ्यायला सांगतो. धडधाकट, वाढ झालेले क्लाउनफिश काही दिवस उपाशी राहिले, तरी त्यांचे बिघडत नाही. शेजाऱ्यांना खाऊ घालायला सांगायचेच असेल, तर अन्नाचा डबा त्यांच्या हाती न देता चिमूटभर अन्नाच्या दोन पुड्या बांधून द्याव्यात आणि डबा कपाटात ठेवून जावे.