धुराड्याकडचे ट्रे

काही ट्रेमधले बटाटे शिजले नाहीत, कारण ते जाड कापले गेले, असं त्या शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. कापणारी बाई मेक्सिकोतल्या पुएब्लाची, इंग्रजी बेताचंच, त्यामुळे दोष तिच्या माथी मारायला कुणाला वेळ लागला नाही. मी त्या ट्रेमधल्या चकत्या काढून मोजल्या. तीन मिलिमीटर. मँडोलिनच्या, म्हणजे चकत्या पाडायच्या किसणीच्या, एकाच खाचेवर कापलेल्या. ज्या ट्रेमधला बटाटा मऊ शिजला, त्यातल्या चकत्याही तीनच मिलिमीटरच्या होत्या. मग फरक कुठे पडला, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ, एका बार्बेक्यूच्या ठिकाणी केटरिंग सांभाळते. लोकांना वाटतं, इथे दिवसभर मांस भाजत असतात. मांस शिजतं रात्री. दिवसभर आम्ही ते गरम राखतो आणि कापतो. ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा छातीकडचा मोठा तुकडा, संध्याकाळी मीठ-मिरी चोळून स्मोकरवर चढतो आणि बारा-चौदा तासांनी उतरतो. आमचा स्मोकर हजार गॅलनच्या जुन्या प्रोपेनच्या टाकीचा बनवलेला आहे: एका टोकाला आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. पोस्ट ओकचं लाकूड, दर अर्ध्या-पाऊण तासाला एक ओंडकं. धूर निळसर आणि विरळ हवा; पांढरा दाट धूर आला की मांस कडू होतं. या स्मोकरला आम्ही ‘पिट’ही म्हणतो, आणि तो सांभाळणारे आमचे पिटमास्टर नुसत्या धुराच्या रंगावरून आग ओळखतात. त्या बाबतीत त्यांच्याइतका जाणकार मी पाहिलेला नाही.

ऑर्डर लग्नाची होती, दीडशे माणसांची. मुलीकडच्यांना बटाट्याचे थर हवे होते, मध्ये ब्रिस्केटचा चुरा, वर चीझ, आणि सगळं स्मोकरवरच झालेलं. हा पदार्थ माझा लाडका आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बटाटा रसेट जातीचा घ्यायचा, कारण त्यात स्टार्च भरपूर असतं. चकत्या पाण्यात धुवायच्या नाहीत. धुतल्या की वरचं स्टार्च निघून जातं आणि क्रीम पातळच राहतं. चकत्या उघड्या ठेवल्या तर काळ्या पडतात, म्हणून कापता कापता थेट क्रीममध्ये सोडायच्या. क्रीम 36 टक्के स्निग्धांशाचं. दुधावर भागवायला गेलं की ते हमखास फुटतं. चीझ लादीचं आणून स्वतः किसायचं. पिशवीतल्या किसलेल्या चीझचे गोळे होऊ नयेत म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, ते सॉसमध्ये रवाळ लागतं. नुसतं मुरलेलं चेडार घातलं तर तेल सुटतं, म्हणून त्यात निम्मं माँटेरे जॅक हे चीझ. आणि मांस ब्रिस्केटच्या चरबीच्या बाजूचं, वरच्या काळ्या सालीसकट बारीक चिरलेलं. त्या सालीतल्या मिरीमुळे क्रीमला चव येते. हे सगळं करायला माणूस लागतो, वेळ लागतो, आणि ऑफिसात बसून भाव ठरवणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

चकत्या आधी चुलीवर क्रीममध्ये उकळून घेऊ, असं मी आदल्या दिवशी सुचवलं होतं. पिटमास्टर नको म्हणाले. ‘आपल्या पिटवर सगळं 225 लाच शिजतं. घाई करायची नाही.’ 225 फॅरनहाइट म्हणजे साधारण 107 सेल्सिअस. सकाळी सातला कच्च्या बटाट्याचे ट्रे झाकण न घालता आत गेले, कारण झाकलं तर धूर लागत नाही. निम्मे आगीच्या बाजूला, निम्मे धुराड्याकडे.

अकराला सुरी टोचून पाहिली. आगीकडच्या ट्रेमध्ये ती अलगद खाली गेली. धुराड्याकडच्या ट्रेमध्ये दुसऱ्या थरालाच अडली. चकती चावून पाहिली तर करकरीत, चार तासांनंतरही. थर्मामीटर मधोमध खुपसला: 65 सेल्सिअस. ते ट्रे लगेच किचनच्या ओव्हनमध्ये 190 सेल्सिअसला ठेवले. तासाभरात क्रीम खदखदायला लागलं, चीझचं तेल वर आलं, मधलं तापमान 96 वर गेलं. बटाटा तरीही दडस. तेव्हा मात्र मला खरोखर धक्का बसला. उकळत्या क्रीममध्ये तीन मिलिमीटरची चकती शिजत नाही, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अडीचला गाडी निघायची होती. पुएब्लाच्या बाईने एक शब्द न बोलता बटाट्याचं नवं पोतं उघडलं. ती कापत होती, मी मोठ्या पातेल्यात क्रीम उकळायला ठेवून चकत्या त्यात सोडत होते. सुरी आरपार जाईपर्यंत मंद आचेवर ढवळल्या, थर लावले, मध्ये ब्रिस्केट, वर चीझ, आणि ट्रे आगीच्या बाजूला उघडे ठेवले. पाऊण तासात धुराचा वास पुरेसा बसला. दुधातुपाचे पदार्थ धूर भराभर पितात. जास्त वेळ ठेवले की कडवटपणा येतो. गाडी वेळेवर निघाली. लग्नघरातून तक्रार आली नाही.

दुपारी ऑफिसमधून कुणीतरी बटाटेवाल्याला फोन लावून माल खराब म्हणून सुनावलं. त्याच पोत्यातले बटाटे आगीच्या बाजूला उत्तम शिजले होते, हे बघायला कुणी किचनमध्ये आलं नाही. बटाटेवाला दाद देईना, तेव्हा ‘कापणी जाड’ हे कारण पुढे आलं आणि तिथेच थांबलं.

कारण वेगळं होतं, आणि ते आमच्या रोजच्या कामातलंच आहे. ब्रिस्केट रात्री 65 ते 75 सेल्सिअसच्या दरम्यान तासन् तास अडकून बसतं. त्याला आम्ही ‘स्टॉल’ म्हणतो. मांसातून पाणी बाहेर येतं, स्मोकरमधल्या वाहत्या हवेत त्याची वाफ होते, आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. मांसाला हे मानवतं: तेवढ्या वेळात त्यातलं कोलॅजेन हळूहळू विरघळत असतं. आगीकडे उष्णता जास्त, म्हणून तिकडचे ट्रे हा टप्पा ओलांडून गेले; धुराड्याकडच्या उघड्या ट्रेमधल्या क्रीमचं मात्र नेमकं तेच झालं. बाहेर 107, आत 65, आणि तिथेच मुक्काम. बटाट्याच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. ते पेक्टिन सुटायला उकळीच्या जवळपासचं तापमान लागतं. 55 ते 70 च्या पट्ट्यात मात्र बटाट्यातलं एक एन्झाइम जागं होतं आणि पेक्टिनमध्ये असा बदल घडवतं की कॅल्शियम त्याला घट्ट सांधून टाकतं. क्रीम आणि चीझमध्ये कॅल्शियमला काय तोटा? एकदा हा सांधा बसला की नंतर कितीही उकळा, चकती सहज मऊ होत नाही. आपल्याकडे कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, म्हणजे पाकात शिजूनही त्या विरघळत नाहीत. पेठ्यात मुद्दाम करतात ते इथे नकळत झालं होतं.

पडताळा घ्यायला मी घरी एकाच बटाट्याच्या चकत्यांचे दोन वाटे केले. एक वाटा दुधाच्या पातेल्यात 65 वर तासभर राखला आणि मग उकळला. दुसरा थेट उकळला. दुसरा पंधरा मिनिटांत बोटाने चुरडला गेला. पहिला त्यानंतरही दाताखाली करकरत होता. दोन्ही डब्यांत भरून सोमवारी कामावर नेले आणि सगळ्यांना चाखायला लावले. पुएब्लाच्या बाईने दोन्हीकडची एकेक चकती उचलून मँडोलिनच्या खाचेला लावली, मोजली, आणि मॅनेजरच्या हातात दिली. मॅनेजर ‘ओके’ म्हणाले. माफी मागायला हवी होती, ती त्यांनी मागितली नाही. मला याचा अजूनही राग आहे. चूक खरी असो वा नसो, आमच्या धंद्यात ती पगाराच्या उतरंडीवरून घरंगळत सगळ्यात खालच्या माणसाकडे येते.

पिटमास्टरांशी माझं बोलणं मात्र संपलेलं नाही. त्यांना कारण पटलं. स्टॉल त्यांच्याइतका कुणाला कळणार? पण आधी चुलीवर शिजवणं त्यांना मंजूर नाही. ‘गिऱ्हाईक आगीचे पैसे देतं. शिजवणार गॅसवर आणि धूर दाखवणार वरून, हे मी माझ्या पिटवर होऊ देणार नाही.’ त्यांच्या म्हणण्यात प्रामाणिकपणा आहे, आणि तो मला मोडीत काढायचा नाही. त्यांचा तोडगा असा: लहान स्मोकर 325 फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 163 सेल्सिअसवर, वेगळा पेटवायचा, क्रीम लोखंडी भांड्यात त्याच्या पेटीवरच उकळायचं, ट्रे सुरुवातीला फॉइलने बंद करून आत मधोमध 90 येईपर्यंत उघडायचे नाहीत, आणि धूर शेवटी द्यायचा. माझ्या हिशेबाने हे जमायला हवं. लाकूड दुप्पट जाईल आणि एक माणूस तिथेच अडकेल, म्हणून ऑफिस कुरकुरतंय. पुढच्या शनिवारी पन्नास माणसांची ऑर्डर आहे, त्यात करून बघायचं ठरलंय. थर्मामीटर मी ठेवणार आहे, एक मधल्या ट्रेमध्ये आणि एक धुराड्याकडच्या कोपऱ्यात.