बर्फाखालचे आवाज : चार सील, दोन देवमासे आणि या हंगामाची नोंद

या हंगामापुरतं ध्येय एकच ठेवलं होतं. अंटार्क्टिकाच्या पाण्याखालचं कुठलंही ध्वनिमुद्रण लावलं, की त्यातला सील कोणता हे ऐकून आणि स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र : आडवा वेळ, उभी वारंवारता) बघून सांगता आलं पाहिजे. तिथल्या बर्फावर पिल्लं घालणारे सील चार : वेडेल, लेपर्ड, रॉस आणि क्रॅबईटर. पहिले तीन आता बऱ्यापैकी पक्के झालेत. क्रॅबईटर अजून हाती लागत नाही, त्याचं पुढे सांगते. शोधता शोधता दोन देवमासे मात्र सापडले, आणि ते मी ठरवलेलेही नव्हते.

ज्यांनी हा छंद नुकताच धरलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. मी ऐकते ती बहुतेक मुद्रणं ‘पलाओआ’ या ध्वनिकेंद्राची. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेनं ते २००५ च्या अखेरीस नॉयमायर तळापासून थोड्या अंतरावर, एकस्ट्रॉम हिमतक्त्याच्या अगदी कडेला उभारलं. हिमतक्ता म्हणजे जमिनीवरून समुद्रात उतरून तरंगत राहिलेला बर्फाचा जाड थर. इथे त्याची जाडी सुमारे १०० मीटर. त्याला आरपार भोकं पाडून खालच्या पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, सोडले. वीज सूर्याची आणि वाऱ्याची. आसपास माणसांची वर्दळ नाही, जहाजं क्वचित, त्यामुळे पाणी इतकं शांत की लांबचा सीलही स्वच्छ ऐकू येतो.

मी सुरुवातीपासून आवाजाचा पोत ऐकत होते : हा शीळ घालतोय, हा घुमतोय, हा कण्हतोय. प्रत्येक प्राण्याला असं एकेक विशेषण लावून ठेवलं होतं आणि त्यावर गाडी अडली होती. माझी मावसबहीण गाणं शिकवते. तिला एक मुद्रण ऐकवून विचारलं, ‘‘ताई, ही कुठली पट्टी गं?’’ तर म्हणाली, ‘‘पट्टी कशाला शोधतेस? लय बघ ना. प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा लांब जातोय.’’ त्या दिवसापासून मी वहीत विशेषणं लिहायची सोडली. आता लिहिते ते तीन रकान्यांत : दोन ठोक्यांमधलं अंतर, ते वाढतंय की घटतंय, आणि मुद्रण कोणत्या महिन्यातलं. महिन्याचा रकाना सगळ्यात जास्त कामाला येतो.

तिला ऐकवला होता तो वेडेल सील. पृथ्वीवर सर्वांत दक्षिणेला पिल्लं घालणारा सस्तन प्राणी हाच. (माणसाला धरायचं नाही.) किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या बर्फाखाली हा राहतो, आणि श्वासासाठी बर्फात भोक राखतो. भोक गोठू नये म्हणून वरचे पुढे आलेले सुळे आणि पटाशीचे दात बर्फाला लावून डोकं डावी-उजवीकडे फिरवत कडा घासत राहतो. वर्षानुवर्षं घासून दात झिजतात, आणि दात गेले की जगणंच अवघड होतं. या सीलच्या गाण्याचा विचार करताना मी हे भोक विसरत नाही. वसंतात बर्फाच्या भेगेजवळ माद्या जमतात, पिल्लं वर बर्फावर असतात, आणि नर खाली पाण्यात त्या भेगेखालचा भाग आपला म्हणून राखतो. दुसरा नर तिथे आला तर भांडण. म्हणजे गाण्याला जागा आहे, मालकी आहे.

नराचा तो लांब उतरता स्वर एकदा जवळून बघा. माझ्याकडच्या ऑक्टोबरच्या मुद्रणात तो दहा हजार हर्ट्झच्याही वर सुरू होतो. सुरुवातीला रेषा बारीक, जवळजवळ सरळ; मग कंप सुटतो आणि रेषेचे एकेक ठिपके होतात. ठिपके खाली उतरताना एकमेकांपासून लांब जातात, जाड होतात, आणि काही शे हर्ट्झवर पोचेपर्यंत प्रत्येक ठिपका स्वतंत्र ठोका म्हणून ऐकू येतो. पुष्कळदा हे सगळं अर्ध्या मिनिटाहून जास्त चालतं. वरून खाली ओढलेली इतकी लांब मींड मी दुसऱ्या कुठल्या प्राण्याकडून ऐकलेली नाही. हे लांब उतार फक्त नर घेतात. छोट्या ‘चिव चिव’ हाका, घुरघुर आणि ठकठक हे प्रकार वेगळे.

जेनेट थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९८२ मध्ये अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड या खाडीतल्या वेडेल सीलच्या हाकांचे ३४ प्रकार नोंदवले. ती यादी समोर ठेवून मी पलाओआच्या फाइली लावायला बसले तेव्हा कितीतरी हाका कुठल्याच खणात बसेनात. कारण नंतर वाचनात आलं : या सीलच्या हाका जागेगणिक बदलतात. मॅकमर्डो, अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि प्रिड्झ उपसागराजवळच्या वेस्टफोल्ड टेकड्या, तिन्हीकडचा साठा सारखा नाही. आपलं ‘भारती’ स्थानक २०१२ पासून त्याच प्रिड्झ उपसागराच्या काठी, लार्समन टेकड्यांवर उभं आहे, आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. भारतीच्या पुढ्यातल्या बर्फाखालची वेडेलची बोली आपल्याकडच्या माणसांनी ऐकावी, मांडावी, असं मला मनापासून वाटतं.

आता एक तांत्रिक गोष्ट, आणि ती महत्त्वाची आहे. २०२० मध्ये मॅकमर्डोच्या पाण्याखालच्या एका वेधशाळेतल्या मुद्रणांवरून ओरेगन विद्यापीठाचे पॉल झिको आणि सहकारी यांनी दाखवून दिलं, की वेडेल सील माणसाच्या कानाच्या पलीकडच्या हाकाही मारतात. असे नऊ प्रकार, काही तर ५० हजार हर्ट्झच्या आसपास पोचणारे. चार महिने सूर्य न उगवणाऱ्या पाण्यात त्यांचा उपयोग काय, प्रतिध्वनीवरून वाट काढायला की आपसातल्या बोलण्याला, यावर अजून खल चालू आहे. आपल्या कामाचा भाग हा, की फाइल उघडल्याबरोबर सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत ते, बघा. ४४,१०० असेल तर २२,०५० हर्ट्झच्या वरचं काहीही तिच्यात असूच शकत नाही, मग स्पेक्ट्रोग्राम कितीही ताणा. ९६,००० किंवा त्याहून जास्त असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग पाव करून ऐका. ४० हजारांची हाक १० हजारांवर येते आणि कानाला लागते.

लेपर्ड सील ओळखायला त्या मानानं सोपा गेला. याची भिस्त थोड्या हाकांवर आहे, आणि त्यातल्या ठळक हाका दुपदरी : एक कंपित तुकडा, मध्ये जरा थांबा, मग दुसरा. एक जोडी खालच्या पट्टीत, काही शे हर्ट्झची, हेडफोनमध्ये छातीत घुमल्यासारखी वाटणारी. दुसरी वर, तीन हजारांच्या आसपास. समुद्रात तरंगत्या बर्फामध्ये एकटा राहणारा हा शिकारी. विणीच्या हंगामात नर पाण्यात डोकं खाली करून लटकतो आणि डोलत गातो. दोनेक मिनिटं खाली गाणं, दोनेक मिनिटं वर श्वास, असं दिवसात अनेक तास. ट्रेसी रॉजर्स यांनी १९९० च्या दशकात पूर्व अंटार्क्टिकाच्या समुद्रात ही गाणी मुद्रित केली. हाका सगळ्या नरांच्या जवळपास त्याच असतात. कोण गातोय हे हाकांच्या क्रमावरून कळतं. त्याच मुद्रणांवर २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासात, क्रमाचा अंदाज किती बांधता येतो हे मोजलं, तेव्हा ती गाणी आपल्या बडबडगीतांच्या जवळ आली. मला हे वाचून फार आनंद झाला. मैलोन्‌मैल पसरलेल्या बर्फात आवाजाचे बारकावे अंतरानं पुसले जातात, पण ओळींचा क्रम शाबूत पोचतो.

म्हणून लेपर्डसाठी मी वहीत हाका नुसत्या अक्षरांनी लिहिते, ‘खा’ म्हणजे खालची जोडी, ‘व’ म्हणजे वरची : खा, खा, व, खा, व, व. एखादा नर जवळ असेल तर पंधरा-वीस मिनिटांत त्याची ओळ परत येते. दोन नर एकाच वेळी गात असले की दोन रंगांची पेनं. करून बघा, पोत ऐकून जे सुटत नाही ते कागदावर सुटतं.

रॉस सीलबद्दल थोडंच. भोंग्यासारखा चढणारा-उतरणारा स्वर, ऐन दक्षिणी उन्हाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी. एकदा ऐकला की विसरत नाही.

महिन्याचा रकाना का, ते इथे कळतं. पलाओआच्या नोंदींवर इल्झे फान ओप्झेलंड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये चारही सीलचं वर्षाचं वेळापत्रक प्रसिद्ध केलं. वेडेल जवळजवळ वर्षभर, फेब्रुवारीत मात्र गप्प. क्रॅबईटर ऑगस्ट ते डिसेंबर. लेपर्ड ऑक्टोबर ते जानेवारी. रॉस डिसेंबर ते फेब्रुवारी. एका मोठ्या कागदावर बारा खणांचा तक्ता करून भिंतीला लावलाय. जुलैच्या फाइलीत भोंगा ऐकू आल्यासारखा वाटला, तर आधी बर्फावर संशय घ्यायचा. हिमनग समुद्राच्या तळाला घासतो तेव्हा कधी कधी बराच वेळ सूर निघतो, आणि पडद्यावर एकावर एक समांतर रेषा दिसतात. त्या हळूहळू सरकत राहतात, मध्ये श्वासाला थांबत नाहीत. सील थांबतो.

आता क्रॅबईटर. जगातल्या सर्वांत जास्त संख्येच्या सीलांपैकी हा एक. नावात खेकडा असला तरी खातो क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, आणि त्यासाठी त्याच्या दाढांना कंगोरे आहेत; तोंडात पाणी घेऊन दातांच्या जाळीतून गाळायचं, क्रिल आत राहतो. पिल्लू, मादी आणि सोबत दबा धरून बसलेला नर असं त्रिकूट वसंतात तरंगत्या बर्फावर दिसतं. पण आवाज? दोन-तीन सेकंदांचं खर्जातलं कण्हणं, बस. ऐन हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, अशी शेकडो कण्हणी एकमेकांवर चढतात आणि पडद्याचा खालचा पट्टा सरसकट धूसर होतो. त्यात वेडेलची घुरघुर आणि लेपर्डची खालची जोडीही तिथेच. लय मोजायची तर एका प्राण्याचा धागा हवा, आणि तोच सापडत नाही. सध्या माझा प्रयत्न ऑगस्टच्या फाइलींवर आहे. तेव्हा हंगाम नुकता सुरू होतो, कण्हणी विरळ असतात, आणि लेपर्ड अजून आलेला नसतो.

देवमाशांचं सांगायचं राहिलं. खालचा पट्टा निरखताना स्पेक्ट्रोग्रामची विंडो, म्हणजे एका वेळी हिशेबात घ्यायचा आवाजाचा तुकडा, मोठी केली आणि पंचवीस-सव्वीस हर्ट्झवर एक फिकट आडवी रेषा दिसली. थोडा वेळ सरळ, मग खाली घसरण, मग वीस हर्ट्झच्या खाली पुन्हा सरळ. अंटार्क्टिक निळा देवमासा. विसाव्या शतकात दक्षिणी समुद्रांत तीन लाखांहून जास्त निळे देवमासे मारले गेले, काही शेच उरले होते. ती रेषा बघून मी बराच वेळ काही केलं नाही, नुसती बघत राहिले. ऐकायची असेल तर वेग दहापट करा. २६ हर्ट्झ २६० होतात. साधे स्पीकर मूळ आवाज काढूच शकत नाहीत.

विंडोचं गणित लक्षात ठेवा. ४४,१०० च्या फाइलीवर ५१२ नमुन्यांची विंडो घेतली तर वेळ बारीक दिसते, साधारण १२ मिलिसेकंद, पण दोन स्वरांमधला ८६ हर्ट्झचा फरकही मिटतो. ३२,७६८ घेतली तर सव्वा हर्ट्झच्या आसपासचा फरक दिसतो, मात्र पाऊण सेकंदातलं सगळं एकत्र होतं. चिव चिव हाकांना पहिली, निळ्या देवमाशाला दुसरी. एकाच चित्रात दोन्ही साधत नाहीत, म्हणून प्रत्येक फाइल मी दोनदा छापते.

दुसरा देवमासा अंटार्क्टिक मिंकी. १९६० च्या दशकात पाणबुड्यांवरच्या लोकांना दक्षिणेकडे बदकाच्या ‘क्वॅक क्वॅक’सारखा, तीनेक सेकंदांनी परत येणारा आवाज ऐकू यायचा आणि करणारा कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डेनिस रिश आणि सहकाऱ्यांनी मिंकी देवमाशांच्या अंगाला चिकटवलेल्या यंत्रांतून २०१४ मध्ये उत्तर दिलं. पलाओआच्या थंडीतल्या फाइलींमध्ये हा ठोका घड्याळासारखा सापडतो. समुद्र गोठलेला, वर अंधार, आणि मिंकी तिथेच, बर्फाच्या फटींतून श्वास घेत. हा आवाज मिळाला नसता तर हिवाळ्यात ते इतक्या दक्षिणेला असतात हे जहाजावरून कुणाला कळलं असतं?

पुढच्या नोंदीपर्यंतचं काम : ऑगस्टच्या फाइलींतून एकट्या क्रॅबईटरची सलग दहा मिनिटं शोधायची आणि कण्हण्यांमधलं अंतर मांडायचं. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी त्याच महिन्यातला एखादा तास घ्यावा, ४०९६ ची विंडो, ० ते २,००० हर्ट्झ एवढाच पट्टा उघडा ठेवावा, आणि खुणा माझ्या न बघता स्वतंत्र कराव्यात. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवू.