गावियाचा घाट: पोंते दी लेन्योहून बोर्मिओपर्यंत

गाविया हा उत्तर इटलीतल्या आल्प्समधला घाट. ब्रेशियाहून इझेओ तलावाच्या कडेकडेने येणारी रेल्वे त्याच्या अलीकडे एदोलोला संपते. स्टेशनाची उंची जेमतेम ७०० मीटर. इथून पोंते दी लेन्यो २० किलोमीटर आणि रस्ता जवळजवळ सगळा चढाचा. बस मिळते, पण आम्ही हा तुकडाही सायकलवरच केला. ५ जून १९८८ रोजी जिरो द'इटालियाचे, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचे, स्वार आप्रिकाच्या खिंडीतून याच एदोलोत उतरले होते आणि इथूनच गावियाकडे वळले होते. कियेझा इन वालमालेंको ते बोर्मिओ असा तो १२० किलोमीटरचा १४वा टप्पा. त्या दिवशी गावियावर बर्फ पडत होता. संध्याकाळी बोर्मिओत शर्यतीत एकूण आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी पहिल्यांदाच एका अमेरिकी स्वाराच्या अंगावर चढली. त्याचं नाव अँडी हॅम्पस्टेन, संघ सेव्हन-इलेव्हन.

हा संघ युरोपात तेव्हा नवखाच होता. १९८५ मध्ये पहिल्यांदा जिरोला आला, त्याच वर्षी रॉन कीफेल आणि हॅम्पस्टेन या दोघांनी एकेक टप्पा जिंकला. १९८६ मध्ये तूर द फ्रान्समध्ये उतरणारा तो पहिला अमेरिकी संघ. तरीही डोंगरातल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत हे अमेरिकी टिकतील, असं इटलीत फारसं कोणाला वाटत नव्हतं. गावियावरची त्यांची कामगिरी धाडसाची म्हणून सांगितली जाते. आमच्या मते ती तयारीची गोष्ट आहे, आणि हा घाट चढून उतरल्यावर ते जास्तच पटतं.

आधी घाटाचे आकडे. पोंते दी लेन्यो १२५८ मीटरवर, खिंड २६२१ मीटरवर. अंतर १७.३ किलोमीटर, सरासरी चढ ७.९ टक्के, सगळ्यात उभा तुकडा १६ टक्के. एकूण चढाई १३६३ मीटर, म्हणजे समुद्रापासून महाबळेश्वरच्या पठारापर्यंत जेवढी उंची आहे जवळपास तेवढी, आणि तीही साडेसतरा किलोमीटरच्या आत. ताशी ८ किलोमीटरने गेलात तर वर पोहोचायला दोन तास दहा मिनिटं लागतात. वेळेचा अंदाज यावरूनच बांधा.

गिअरचं गणित घरूनच करून या. हॅम्पस्टेनकडे त्या दिवशी सगळ्यात हलका गिअर होता पुढे ३९ दात्यांची चेनरिंग आणि मागे २५ दात्यांची चकती. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.३ मीटर पुढे जाते. ताशी ८ किलोमीटरला हे मिनिटाला चाळीसच फेरे होतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर जोर. आज पुढे ३४ आणि मागे ३४ लावता येतं, तेव्हा त्याच वेगाला त्रेसष्ट फेरे बसतात. ज्यांना सिंहगडाच्या चढावर ३४-२८ पुरतं, त्यांनीही इथे मागे ३४ लावूनच यावं. घाटाच्या शेवटच्या पाच किलोमीटरला हवा विरळ होते आणि तेव्हा राहिलेला एक हलका गिअर फार कामाला येतो. मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, लावली की चेनची लांबी आणि मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, पिंजरा दोन्ही तपासा. आखूड पिंजऱ्यावर ३४ लावलं तर वरची पुली चकतीला घासते, आणि चेन आखूड असेल तर मोठी चेनरिंग आणि मोठी चकती एकत्र आल्यावर डिरेलरच उपटून निघतो.

टायर आम्ही २८ मिलिमीटरचे घेतले. ७० किलोच्या स्वाराला हवेचा दाब साधारण ६५ पीएसआय पुरे. रस्ता ओला असेल तर दोन्ही चाकांत पाचेक पीएसआय कमी करा.

पोंते दी लेन्योत बाटल्या भरा, दोन्ही भरा. सकाळी आठपर्यंत निघायला हवं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमतात आणि गडगडाट सुरू होतो. अकराच्या आत खिंडीवर पोहोचण्याचा हिशेब ठेवा. सुरुवातीचा रस्ता फसवा आहे. प्रेकासाल्यो, पेत्सो अशी गावं मागे पडतात, रस्ता दुपदरी, चढ माफक, पाय ताजे. इथे हटकून जोर जास्त लावला जातो. बोलता येईल इतक्याच दमाने चला.

सांत'आपोलोनियाला चित्र बदलतं. हिवाळ्यात रस्ता बंद करणारा अडसर इथेच आहे. त्यापुढे रस्ता एकाच गाडीपुरता उरतो आणि लार्चच्या झाडीतून एकावर एक वळणं सुरू होतात. १६ टक्क्यांची पाटीही याच भागात लागते. वळण घेताना आतल्या बाजूने जाऊ नका, तिथे चढ दीडपट उभा असतो. गाडी येत नसेल तर बाहेरून रुंद वळा, तेवढाच दम मिळतो. वरून गाडी आली तर रुंदावलेल्या जागी थांबा. काही ठिकाणी दरीच्या बाजूला कठडा नाही.

१९८८ मध्ये वरच्या मोठ्या भागात डांबर नव्हतं. मातीचा रस्ता, त्यावर पाणी आणि बर्फ, म्हणजे चिखल. हॅम्पस्टेनने वेग वाढवला तो इथे, कच्चा रस्ता सुरू होताच. गाविया तोवर जिरोत एकदाच आला होता, १९६० मध्ये, त्यामुळे शर्यतीतल्या बहुतेकांना तो माहीतच नव्हता. हॅम्पस्टेनला मात्र १९६६चा जिरो विजेता जान्नी मोत्ता याने आधीच सांगून ठेवलं होतं की तुझा दिवस तो.

झाडी संपली की थंडी कळायला लागते. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली १५ अंश असतील तर खिंडीवर सहा. खाली पाऊस आणि ५ अंश असतील तर वर बर्फच असणार. शर्यतीच्या त्या दिवशी हे गणित सेव्हन-इलेव्हनच्या लोकांनी सकाळीच मांडलं. वर बर्फ पडतोय अशी खबर आली, तेव्हा संघाची माणसं जवळच्या दुकानांत गेली आणि स्कीइंगचे हातमोजे, लोकरीच्या टोप्या, जे मिळालं ते विकत घेऊन आली. स्वारांच्या अंगाला लॅनोलिन चोळलं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी. ती त्वचेवर थर धरते आणि पाणी आत मुरू देत नाही. मग कोरड्या कपड्यांच्या पिशव्या आणि गरम चहा घेऊन काही जण गाडीने पुढे जाऊन माथ्याजवळ उभे राहिले. व्यवस्थापक जिम ओकोविझ आणि संचालक माइक नील यांनी आखलेलं हे काम. इतर कित्येक संघांचे स्वार अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत चढत होते.

माथ्याच्या तीनेक किलोमीटर अलीकडे बोगदा आहे, सुमारे ८०० मीटरचा, चढाचा आणि काळोखा. पुढचा-मागचा दिवा आत शिरण्याआधीच लावा आणि गडद काचांचा चष्मा काढून ठेवा, कारण आत गेल्यावर एक हात सोडून हे करणं त्या चढावर जमत नाही. छतातून पाणी ठिबकतं, रस्ता खडबडीत आहे. चाकाकडे न बघता समोरच्या उजेडाकडे बघितलं की सायकल सरळ राहते. मोटरसायकलींचा आवाज आत इतका घुमतो की गाडी मागे किती लांब आहे ते कळत नाही. त्यामुळे आपली कड धरून एकाच रेषेत चालवत राहायचं.

बोगद्याबाहेर चढ काही काळ उभाच आहे. मग काळपट पाण्याचं लागो नेरो हे तळं दिसतं आणि चढ मोडतो. खिंडीवर रिफुज्यो (डोंगरातलं विश्रामगृह) बोनेत्ता, आत गरम कॉफी आणि भिंतींवर जिरोची छायाचित्रं.

इथे नीट थांबा. गावियाची खरी कसोटी पुढे आहे. १९८८ ला माथ्यावर पहिला पोहोचला तो हॉलंडचा योहान फान देर फेल्दे, अर्ध्या बाह्यांत, डोक्यावर काही नाही. उतरायला लागल्यावर थोड्याच वेळात तो थंडीने इतका आखडला की त्याला आडोसा शोधावा लागला. बोर्मिओत तो पोहोचला तेव्हा पाऊण तासाहून जास्त उशीर झाला होता. चढताना तो कोणापेक्षा कमी नव्हता. चढताना शरीर स्वतःची भट्टी पेटती ठेवतं. उतारावर पेडल थांबतात, भट्टी विझते, आणि ओल्या कपड्यांवर ताशी ५० किलोमीटरचा वारा आदळतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की दहा मिनिटांत बोटं जातात.

बोटं जातात म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगायला हवं. आधी टोकं दुखतात, मग दुखणं थांबतं. ते बरं लक्षण नाही. लीव्हर किती दाबला हे आता हाताला कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. दोन बोटांनी ब्रेक लागेनासा होतो, चार लागतात. चार बोटं लीव्हरवर गेली की हँडल अंगठ्याच्या बेचक्यात उरतं आणि खड्डा आला की हात सुटतो. पाठोपाठ खांदे थरथरायला लागले की पुढचं चाक डगमगतं. असं झालं तर वेग वाढवून लवकर खाली पोहोचू असा विचार करू नका. थांबा, हात काखेत धरा, दोन-चार मिनिटं चाला.

म्हणून खिंडीवरचा क्रम असा ठेवा. आधी आडोसा, मग घामाने भिजलेली आतली बनियन काढून कोरडी घालणे. नुसतं ओल्यावर जाकीट चढवलं तर ओल आतच राहते. छातीवर जर्सीखाली वर्तमानपत्राचे चारपाच पदर, हा इथल्या जुन्या स्वारांचा उपाय आजही तितकाच चालतो. हेल्मेटखाली कान झाकणारी टोपी, पूर्ण बोटांचे हातमोजे, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. हातमोजे सगळ्यात शेवटी घाला, कारण ते घालून जाकिटाची झिप ओढता येत नाही. काहीतरी खाऊन घ्या. थंडीत तहान-भूक कळत नाही आणि खाली जाताना खायला हात मोकळा नसतो.

खिंडीपासून सांता कातेरीनापर्यंत उतार सुमारे साडेतेरा किलोमीटरचा, सरासरी साडेसहा टक्के. सुरुवातीला लागो ब्यांको आणि रिफुज्यो बेर्नीपर्यंत रस्ता उघड्या माळावरून जातो, वारा इथेच जास्त. ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा. रिमचे ब्रेक असतील तर सतत घासल्याने रिम तापतो आणि कार्बनचा असेल तर त्याला धोका. पाण्यात पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पॅड नुसते पाणी पुसतात, पकड नंतर येते, म्हणून दाबायला लवकर सुरुवात करा. शून्याच्या आसपास तापमान असेल आणि बर्फ उडत असेल तर कॅसेटच्या दात्यांमध्ये बर्फ घट्ट बसतो आणि चेन उडायला लागते. उतारावरही हलके पेडल फिरवत राहणं हा एकच उपाय, आणि त्याने पायही गरम राहतात.

सांता कातेरीनानंतर बोर्मिओपर्यंत बारा किलोमीटर आहेत, उतार चार टक्क्यांच्या आसपास. इथे पुन्हा पेडल मारावे लागतात. माथ्यावर कोरडे कपडे चढवलेला हॅम्पस्टेन या रस्त्यावर एकटा पुढे होता. मागून पॅनासोनिक संघाचा एरिक ब्रेयुकिंक आला, शेवटच्या काही किलोमीटरांत त्याने हॅम्पस्टेनला गाठलं आणि टप्पा ७ सेकंदांनी जिंकला. तिसरा स्वार आला तो चार मिनिटांहून जास्त उशिराने. सकाळी गुलाबी जर्सीत निघालेला फ्रांको क्योच्योली पाच मिनिटं मागे पडला. जर्सी हॅम्पस्टेनकडे आली, आघाडी फक्त १५ सेकंदांची. ती त्याने शेवटपर्यंत सांभाळली. १८व्या टप्प्यातली वेट्रिओलोच्या चढावरची वेळेविरुद्धची शर्यतही जिंकली आणि १२ जूनला वित्तोरिओ वेनेतोमध्ये ब्रेयुकिंकपेक्षा १ मिनिट ४३ सेकंदांनी जिरो आपल्या नावावर केला. युरोपबाहेरचा तो पहिला विजेता. पुरुषांच्या जिरोत त्यानंतर दुसरा अमेरिकी विजेता झालेला नाही. महिलांच्या जिरोत मात्र मारा ॲबटने २०१० आणि २०१३ असा दोनदा मान मिळवला.

नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सला लहानाचा मोठा झालेल्या हॅम्पस्टेनला थंडी नवी नव्हती, हे खरंच. त्याच संघातला बॉब रोल मात्र कॅलिफोर्नियातला, आणि बोर्मिओत तो शुद्ध हरपायच्या बेताला पोहोचला होता.

बोर्मिओत पोहोचल्यावर ओले कपडे उघड्यावर उभं राहून काढू नका, आधी छपराखाली जा. बधिर बोटं थेट गरम पाण्याखाली धरू नका, चटका कळत नाही. कोमट पाणी, कोरडे मोजे, मग काहीतरी गोड आणि गरम. परतीसाठी इथून तिरानोला बस आहे आणि तिरानोहून मिलानची रेल्वे. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि बसमध्ये सायकल घेतात की नाही ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. नाही घेतली तर तिरानोपर्यंतचे चाळीस किलोमीटर अद्दा नदीच्या काठाने उताराचेच आहेत.