आमची वाटचाल : फुकटचं सॉफ्टवेअर आणि उसाच्या ट्रॉल्या

गाडी कुठं आहे हे मालकाला मोबाइलवर दाखवायचं, हा आमचा धंदा. त्याचा पाया दुसऱ्या कुणीतरी घातलाय, हे आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. गाड्यांकडून येणारा जीपीएसचा डेटा घेणारा सर्व्हर ट्रॅकारचा, नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, डेटाबेस पोस्टग्रेस. सगळं ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारं. ट्रॅकारचं लायसन्स अपाची २.० आहे, त्यामुळे त्यावर आपलं प्रॉडक्ट उभारून विकायला आडकाठी नाही. ओपनस्ट्रीटमॅपचं नाव नकाशाच्या कोपऱ्यात द्यावं लागतं, ते देतो. यावर कोल्हापुरात ठरलेला प्रश्न येतो, ‘मग फुकटच्या वस्तूचे पैसे कशाला घेताय ओ?’

प्रश्न रास्त आहे.

सुरुवात शिरोली एमआयडीसीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांपासून झाली, मग दुधाचे टँकर आले आणि गळीत हंगामासोबत ऊस वाहतूकदार. गाडीत बसवायची बाजारातली बरीच स्वस्त यंत्रं सर्व्हरशी जीटी०६ नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या बोलीत, बोलतात. यंत्र चालू झालं की ७८ ७८ ने सुरू होणारं डेटाचं पाकीट धाडतं, त्यात त्याचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. सर्व्हरने पोच द्यायची, मग ते जागा सांगायला लागतं. पोच मिळाली नाही तर पुन्हा तेच पाकीट, पुन्हा तेच. ट्रॅकारला असे दोनशेहून जास्त प्रोटोकॉल येतात, पण डब्यावर जीटी०६ छापलेलं आणि आत दोन बाइट इकडचे तिकडे, असा माल अधूनमधून निघतोच. मग सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडायचा आणि एकेक बाइट बोट ठेवून मोजायचा. अशी दुरुस्ती जमली की आम्ही ती मूळ प्रकल्पाकडे पाठवतो. त्यात दानधर्म काही नाही. स्वतःची वेगळी प्रत फोडून बसलं की प्रत्येक नव्या आवृत्तीशी ती जुळवण्यात टीमचा जीव जातो. म्हणून आमचं जे काही आहे ते वेगळ्या सर्व्हिसमध्ये, ट्रॅकारच्या एपीआयवर, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारातून, बोलणारं.

खरी डोकेफोड वेळेची. करूळ घाटात रेंज गेली की यंत्र नोंदी पोटात साठवतं आणि रेंज आल्यावर एकदम ओततं. ट्रॅकार प्रत्येक नोंदीसोबत तीन वेगवेगळ्या वेळा लिहून ठेवतो: उपग्रहावरून जागा ठरली ती, यंत्राची आणि सर्व्हरवर पोचल्याची. अलर्ट तिसरीवर लावला, तर ट्रक वैभववाडीत चहाला थांबलेला असताना मालकाच्या मोबाइलवर ‘गाडी घाटात, वेग साठ’ असं झळकतं. मालक ड्रायव्हरला फोन करतो, पुढचं सांगायला नको. वेगाचे अलर्ट आम्ही पहिलीवर चालवतो आणि जुनी नोंद असेल तर फोन न वाजवता रिपोर्टात टाकतो.

साखर कारखान्याच्या यार्डात याहून गंमत. उभ्या गाडीची जागाही जीपीएसमध्ये थोडी थोडी सरकत राहते आणि दिवसभरात न चाललेले किलोमीटर जमतात. ट्रॅकारमध्ये त्यासाठी फिल्टर आहेत, ठरावीक अंतराखालची हालचाल गाळणारे. पण नंबर लावून उभा असलेला ट्रॅक्टर तर तसाच सरकतो, चार ट्रॉल्या पुढं गेल्या की हा चार ट्रॉल्यांइतका पुढं. नुसतं अंतर बघून भागत नाही, इंजिन चालू की बंद हे सांगणाऱ्या इग्निशनच्या वायरची जोड लागते. ती वायर नीट बसली आहे का, हे ऑफिसात बसून कळत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे: कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने हंगामाच्या तोंडावर वायरमनसोबत गाड्यांवर जायचं. आमचा वायरमन टीमच्या बैठकीत बसतो आणि कित्येकदा त्याचंच म्हणणं चालतं. ट्रकचे चोवीस व्होल्ट आणि कारचे बारा, हा फरक स्क्रीनवर शिकलेला पोरगा विसरतो, फ्यूज उडवलेला विसरत नाही.

ड्रायव्हर मंडळी सुरुवातीला यंत्राकडे मालकाचा हेर म्हणूनच बघत. ‘वायर उंदरानं खाल्ली साहेब’ हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की उंदरांची दया यावी. चित्र पालटलं ते थांब्याच्या रिपोर्टाने. गेटवर गाडी किती वाजता लागली, काट्यावर कधी गेली, रिकामी कधी झाली, हे एका पानावर. हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी ताटकळल्याचं, बिल मागताना वाहतूकदाराच्या हातात कागद आला आणि ‘तू कुठं लोळत होतास?’ या प्रश्नाला ड्रायव्हरकडे उत्तर आलं. त्या एका पानासाठी आमच्या पोरांनी कारखान्यांची गेटं, काटे, आतले रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतः काढले. आता ते कुणालाही वापरता येतात, आमच्या स्पर्धकांनाही. चालायचंच.

प्रवासी गाड्यांचं गणित निराळं. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षांसारखे अपवाद सोडून, एआयएस १४० या सरकारी मानकाप्रमाणे प्रमाणित यंत्र आणि पॅनिक बटण लागतं. तिथं यंत्र आम्ही निवडत नाही, प्रमाणित असेल तेच बसतं. त्या कामात आम्ही फार शिरलो नाही.

एक मागणी मात्र आम्ही सरळ नाकारतो. ‘हप्ता थकला की मोबाइलवरून इंजिन बंद करता येईल का?’ रिले, म्हणजे दुरून चालवता येणारा स्विच, लावला की येतं, ट्रॅकारमध्ये कमांडही आहे. पण भरलेला ट्रक उतारावर असताना कुणी ते बटण दाबलं तर इंजिन बंद पडून पॉवर स्टिअरिंग जाऊ शकतं. आमच्या ॲपमध्ये ते बटणच ठेवलेलं नाही. यापायी दोन-तीन मोठी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. त्यातलं एक थांब्याच्या रिपोर्टासाठी परत आलंय, निम्म्या गाड्या घेऊन.