सॉसेज सगळ्यात शेवटी: एका ट्रेमधलं रात्रीचं जेवण

परदेशी रेसिपीत लिहिलेलं असतं की सॉसेज आणि चिरलेल्या भाज्या ट्रेमध्ये पसरा, २०० अंशांवर ४० मिनिटं ठेवा, झालं. आपल्याकडे तसंच केलं की बाहेर येतात सुरकुतलेली, वादीसारखी चिवट सॉसेज आणि त्यांच्या शेजारी धड ना भाजलेला धड ना उकडलेला बटाटा. मग खापर फुटतं ओटीजीवर, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनवर. त्या बिचाऱ्याचा यात फारसा दोष नसतो.

खरा फरक सॉसेजचा आहे. त्या रेसिपीतलं सॉसेज कच्च्या पोर्कचं, चांगलं चरबीदार असतं. ट्रेमध्ये ती चरबी सुटते, भाज्या तिच्यातच भाजल्या जातात आणि आतलं मांस शिजायला तेवढा वेळ लागतोच. पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फ्रीजरमध्ये मिळणारं नेहमीचं चिकन सॉसेज बहुतेक वेळा कारखान्यातच शिजवलेलं असतं. वर साल नाही, आत चरबी बेताची. त्याला फक्त गरम व्हायचंय आणि वरून थोडा रंग घ्यायचाय. त्यासाठी १२ ते १५ मिनिटं पुष्कळ झाली. ४० मिनिटांत त्यातलं पाणी उडून जातं आणि उरतो तो रबर. म्हणून क्रम उलटा: भाज्या आधी, सॉसेज शेवटी, आणि जी चरबी सॉसेजने दिली असती ती तेलाच्या रूपात आपण घालायची.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. शिजवलेलं आहे की कच्चं, ते तिथे लिहिलेलं असतं. सुट्टं घेत असाल तर दुकानदाराला सरळ विचारा. कच्चं सॉसेज बोटाने दाबलं तर खिम्यासारखं मऊ लागतं, खड्डा पडतो. शिजवलेलं उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं परत वर येतं. शंका असेल तर कच्चं समजूनच चाला.

तीन जणांसाठी हे प्रमाण:

शिजवलेलं चिकन सॉसेज ३०० ग्रॅम
बटाटे ३०० ग्रॅम (मध्यम ३)
गाजर १५० ग्रॅम
कांदे २ मध्यम
ढोबळी मिरची १ मोठी
लसूण ८-१० पाकळ्या, सालासकट
तेल ३ टेबलस्पून
मीठ पाऊण टीस्पून, सपाट
ओवा पाव टीस्पून, मिरी अर्धा टीस्पून भरड
शेवटी अर्धं लिंबू

मीठ कमी वाटेल. सॉसेजमध्ये मुळातच भरपूर असतं, आणि भाज्या भाजताना आटतात तशी चव दाट होत जाते. कमी पडलं तर ताटात घेता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही.

ओव्याबद्दल एक सांगायला हवं. मूळ रेसिपीत थाईम नावाचा सुगंधी पाला असतो. त्याचा वास थायमॉल या ज्या द्रव्यामुळे येतो तेच ओव्यातही असतं, आणि बरंच जास्त. त्यामुळे महागडी बाटली आणायची गरज नाही, पण हात आखडता ठेवा. पाव चमच्याचा अर्धा झाला की जेवणाला पोटदुखीच्या औषधाचा वास येतो. ओवा तळहातावर चोळून घाला.

आता बटाटा, कारण हा पदार्थ बिघडतो तो बटाट्यात. दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. याहून मोठे केले तर बाहेरून काळे, आतून कच्चे राहतात. लहान केले तर सुकून खुळखुळा होतात. चिरून दहा मिनिटं पाण्यात ठेवा, म्हणजे वरचा स्टार्च निघून जाईल. तो राहिला की तुकडे ट्रेला चिकटतात आणि एकमेकांनाही. मग निथळा, आणि सुती पंच्यात गुंडाळून खरंच कोरडे करा. ‘साधारण कोरडे’ चालत नाहीत. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं, आणि भाजल्याचा तपकिरी रंग व खमंगपणा यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. तोवर ओव्हनमध्ये जे चाललंय ते भाजणं नाही, उकडणं आहे.

बटाटे फ्रीजमध्ये ठेवले असतील तर आज दुसरी भाजी करा. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, चव गोडसर लागते आणि भाजताना आत शिजायच्या आधीच वरून करपतो. शीतगृहातून आलेल्या बटाट्याचंही असंच होऊ शकतं. एक फोड तव्यावर टाकून पाहिली की लगेच कळतं.

कांद्यातही फरक असतो. उन्हाळ्यात येणारा, साठवणीचा गरवा कांदा घट्ट आणि कमी पाण्याचा. तो पाकळ्या सुट्या न करता सहा फोडी करून घातला तर कडा छान कॅरमल होतात. पावसाळ्यानंतरचा हळवा कांदा पाणी सोडतो, तो दहा मिनिटं उशिरा घाला आणि अर्धाच घाला. गाजराचंही तेच: थंडीत मंडईत येणारं लांब लाल गाजर केशरीपेक्षा रसाळ आणि गोड, म्हणून जाड चिरायचं. केशरी बोटाएवढं चिरलं तरी चालतं.

काय घालू नये? मशरूम नको, पाण्याचं टाकं असतं ते. टोमॅटो घालायचाच तर शेवटची दहा मिनिटं. वांगं तेल पितं. दुधी आणि कोबीला या ट्रेमध्ये काम नाही. लाल भोपळा, रताळं, श्रावणघेवडा उत्तम. रताळं मात्र बटाट्याऐवजी घ्या, दोन्ही एकत्र नकोत, त्यांच्या वेळा जुळत नाहीत.

ट्रेचा आकार मोजून घ्या. २५ ते ३० लिटरच्या ओटीजीबरोबर येणारा ट्रे साधारण ३० बाय २५ सेंटिमीटरच्या जवळपास असतो. त्यात ६०० ते ७०० ग्रॅम भाजी एका थरात, थोडी फट ठेवून बसते. पाहुणे आले म्हणून दीड किलो भाजी भरली की एकावर एक थर बसतात, वाफेला बाहेर पडायला जागा राहत नाही, आणि मिळते ती बिनरश्श्याची रस्साभाजी. सहा जणांना करायचं तर दोनदा लावा. दोन ट्रे वर-खाली ठेवू नका. वरचा खालच्याची उष्णता अडवतो.

ट्रेवर फॉइल लावलं तर बटाटा त्याला चिकटून फाटतो, म्हणून त्यालाही तेल चोळा. बटर पेपर लावणार असाल तर तो ओव्हनसाठीचा आहे का, ते पाहा. मिठाई गुंडाळायला वापरतात तो मेणकागद २०० अंशांवर धुरतो. सगळ्यात चांगलं म्हणजे काहीच न लावता रिकामा ट्रेच आत तापवणं. तापलेल्या ट्रेवर बटाटा पडला की चर्र असा आवाज आला पाहिजे, तव्यावर डोसा टाकल्यासारखा. आवाज नाही आला तर ओव्हन अजून तापलेला नाही.

ओटीजी २०० अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणून आत २०० झालेच असं नाही. घरगुती ओटीजीचं बटण वीसेक अंशांनी खोटं बोलतं, हे अगदी नेहमीचं आहे. आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. ओव्हनमधला पंखा लावणार असाल तर १८० पुरे. आणि ओटीजी १५०० वॉटच्या आसपासचा असतो, म्हणजे साडेसहा अँपिअर. पेठांतल्या जुन्या घरांत स्वयंपाकघरात अनेकदा सहा अँपिअरचाच प्लग पॉइंट असतो. त्याला हा लावून वर मिक्सरही जोडला की प्लग तापतो, वास येतो. मोठा, सोळा अँपिअरचा पॉइंटच वापरा. एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नको.

आता घड्याळ लावा. बटाटा, गाजर, लसूण यांना दोन टेबलस्पून तेल, मीठ, मिरी, ओवा हाताने चोळून तापलेल्या ट्रेवर पसरा, मधल्या खाचेत ठेवा. २० मिनिटांनी दार उघडा. वाफेचा झोत येऊन चष्मा धुरकट होतो. तो तसा व्हायलाच हवा, भाज्यांतलं पाणी निघतंय. उलथन्याने तुकडे उलटा. चिकटले असतील तर ओढू नका, अजून तीन मिनिटं द्या. खालून तपकिरी झाला की बटाटा आपणहून सुटतो. मग कांदा आणि ढोबळी मिरची उरलेल्या तेलात घोळून घाला, आणि ट्रे फिरवून मागची बाजू पुढे आणा, कारण मागे उष्णता जास्त असते.

तिसाव्या मिनिटाला सॉसेज. ती तोपर्यंत पूर्ण वितळलेली हवीत: रात्रभर फ्रीजमध्ये, किंवा बंद पाकीट गार पाण्यात अर्धा-पाऊण तास. गोठलेलीच टाकली तर त्यांचं पाणी ट्रेमध्ये उतरतं आणि अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. पुसून घ्या, प्रत्येकावर तीन तिरपे काप द्या, पाव सेंटिमीटर खोल. काप उघडून त्यांच्या कडा कुरकुरीत होतात. तेलाचा हात फिरवून भाज्यांच्या वर ठेवा, खाली दडपू नका. १२ मिनिटांनी पाहा. या वेळी दार उघडल्यावर वाफ जवळजवळ नसते, आणि बटाट्यात सुरीचं टोक विनासायास शिरतं. रंग कमी वाटला तर फक्त वरचा रॉड, तीन मिनिटं, समोर उभं राहून.

बाहेर काढून लिंबू पिळा. लसणाच्या पाकळ्या सालातून दाबल्या की लोण्यासारखा लसूण बाहेर येतो. तो चमचाभर मोहरीच्या सॉसमध्ये कालवून सोबत घ्या. पोळीबरोबर हे बरं लागत नाही. बेकरीचा ताजा पाव हवा, त्याच गरम ट्रेमध्ये तेलकट रसावर दाबून शेकलेला.

सॉसेज कच्चं असेल तर ते विसाव्या मिनिटालाच घाला, काप किंवा टोचे न मारता. टोचलं की रस बाहेर आणि आत भुसा. चिकनचं असेल तर मधोमध ७४ अंश झाले पाहिजेत. मापायचं साधन नसेल तर एक कापून पाहा, आत कुठेही गुलाबी चिकट भाग नको.

पुण्याच्या कॅम्पातून गोव्याचं सॉसेज आणलं असेल, तर वरचा सगळा क्रम विसरा. ते पोर्कचं, व्हिनेगर-मिरचीत मुरवलेलं, चरबीदार आणि कच्चं असतं. तीन जणांना १५० ग्रॅम खूप झालं. दोरा आणि साल काढून आतलं मांस बटाटा-कांद्याबरोबर सुरुवातीलाच घाला, पाव वाटी पाणी शिंपडून १५ मिनिटं फॉइलने झाका, मग उघडं करून अर्धा तास. तेल एक चमचा, मीठ अजिबात नाही, ओवाही नाही. लाल चरबी सुटून बटाटा त्यात भाजला जातो, आणि इथे मात्र परदेशी रेसिपी बरोबर ठरते: चरबीवालं सॉसेज आधी.

ओव्हन नसेल तर बीडाची मोठी कढई किंवा खोलगट तवा घ्या. आधी दोन चमचे तेलात सॉसेज चार मिनिटं परतून बाजूला काढा. त्याच तेलात बटाटा-गाजर एका थरात, मध्यम आचेवर झाकून आठ मिनिटं, मग झाकण काढून दहा मिनिटं, दर दोन मिनिटांनीच हलवत. सतत ढवळण्याची सवय इथे आवरायची. तळाशी टेकल्याशिवाय रंग येत नाही. कांदा-मिरची पाच मिनिटं, शेवटी सॉसेज परत आत, दोन मिनिटं. झाकणाच्या आतलं पाणी कढईत टिपकू न देता झाकण बाजूला उचला.

उरलं तर फ्रीजमध्ये दोन दिवस. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, बटाटा ओला होतो आणि सॉसेज पुन्हा चिवट. तव्यावर कोरडंच परता, वर दोन अंडी फोडा, झाकण ठेवा.