अंगणात उतरलेला शिक्रा की पावशा?

मार्च-एप्रिलमध्ये ठाण्यात येऊरच्या पायथ्याला किंवा नवी मुंबईत बेलापूरच्या डोंगरालगत एखादा राखी पक्षी सर्रकन आंब्यात शिरतो आणि बुलबुलांचा कलकलाट बंद होतो. हिवाळा संपवून परतीच्या वाटेवर असलेला पाहुणा असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो इथलाच शिक्रा, म्हणजे लहान शिकारी पक्षी असतो. त्याचे घरट्याचे दिवस नेमके हेच.

आकार साधारण कबुतराएवढा. नराचे डोळे लाल, छातीवर तांबूस बारीक आडव्या रेषा. मादी मोठी, पाठीवर तपकिरी झाक, डोळे पिवळे-नारिंगी. पहिल्या वर्षाच्या पिल्लाच्या छातीवर मात्र उभे ठिपके असतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो पावशा, कोकिळेच्या कुळातला पक्षी. रंग, शेपटीचे पट्टे, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. लहान पक्षीही त्याला बघून बिथरतात. अशा वेळी चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी, पावशाची बारीक, टोकाशी जेमतेम वाकलेली. ‘पेरते व्हा’ ही पावशाची हाक ऐकू आली तर प्रश्नच मिटला. शिक्र्याच्या नुसत्या हाकेवर मात्र विसंबू नका, कोतवाल पक्षी तिची हुबेहूब नक्कल करतो.

खरा हिवाळी पाहुणा म्हणजे शिक्र्यासारखाच दिसणारा शिकारी पक्षी, युरेशियन स्पॅरोहॉक. तो डोक्यावरून जाताना खालून फोटो काढा आणि पंखाच्या टोकाची सुटी पिसं, म्हणजे ‘बोटं’, मोजा: शिक्र्याला पाच, स्पॅरोहॉकला सहा. पंख पूर्ण पसरलेला फोटोच धरा. अर्धवट मिटलेल्या पंखात एखादं बोट लपतं आणि ओळख चुकते.

अंगणात पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल तर भांडं पसरट, खरबरीत तळाचं आणि फार तर ५ सेंटिमीटर खोल ठेवा. झुडपाला अगदी चिकटून ठेवलं तर मांजर दबा धरतं, पार उघड्यावर ठेवलं तर चिमण्यांना आडोसा उरत नाही. दोनेक मीटर अंतर बरं. शिक्रा रोज तिथेच झडप घालू लागला तर दाणे टाकणं आठवडाभर थांबवा. पण सावज धरून बसलेल्या शिक्र्याला हुसकू नका. तो ते टाकून उडतो आणि पुन्हा शिकार करतो, म्हणजे एकाऐवजी दोन जीव जातात.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी याच दिवसांत निघते. शिक्र्याचं काटक्यांचं घरटं उंच फांद्यांच्या बेचक्यात, पानाआड असतं. खालून कावळ्याचंच वाटतं. करवत लागण्याआधी सोसायटीतलं प्रत्येक मोठं झाड दुर्बिणीतून बघा. जोडी सतत एकाच झाडात ये-जा करत असेल तर पिल्लं उडेपर्यंत ते झाड वगळायला सांगा.